अडतीस जणांची हजेरी

पिरोश्काबाईंनी सगळी नावं वहीत उतरवून ठेवली होती.
एकेरी रेघांची वही, समासाला लाल रेघ.
ऑगस्टपासून रोज सकाळी नऊला
कॉम्प्युटर लावला की खिडकी यायची:
ढाल, ढालीवर पिवळा त्रिकोण,
आणि खाली अडतीस व्हायरस.
बाईंनी सेगेदच्या शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला.
यादी समोर आली की हजेरी घेतल्यावाचून हात राहीना.

"झोम्बोर, बघ," त्या म्हणाल्या,
"रोज अडतीसच. एकही गैरहजर नाही.
असा वर्ग मला जन्मात मिळाला नाही."

मी तिथेच ओळखलं.
खरा आजार असा पाढा म्हटल्यासारखा येत नाही.
त्यातल्या अकरा फायली तर त्या यंत्रात नव्हत्याच.
जागेवर कोणी नाही, आणि हजेरी लागलेली.

"पैसे भरलेत?"
बाई व्हरांड्यातल्या मिरच्यांच्या माळेकडे बघत राहिल्या.
"दहा हजार फोरिंट. जन्मभराचं संरक्षण म्हणाला.
कुणाच्या जन्मभराचं, ते मी विचारलं नाही."

काढायला गेलो तर काढू देईना.
टास्क मॅनेजर उघडला. हा व्हायरस आहे, बंद.
पेनड्राइव्हवर खरं औषध आणलं होतं.
क्लिक करताच: हा व्हायरस आहे.
चोराच्या उलट्या बोंबा, त्याही मोडक्या हंगेरियनमध्ये.
"चुका मला पहिल्याच दिवशी दिसल्या," बाई म्हणाल्या,
"वाटलं, डॉक्टरांचं अक्षर तरी कुठे चांगलं असतं."

"तो नावं बघतो," मी सांगितलं,
"औषधाचं नाव वाचतो आणि दार लावतो.
ज्याचा संशय येणार नाही
अशा नावाने त्याला आत सोडायला हवं."

बाईंनी चष्मा काढला.
"केवे लिही."

"कोण केवे?"

"तिसऱ्या बाकावरचा. अठ्ठ्याहत्तर सालचा वर्ग.
भिंतीवरच्या नकाशातून कुणीतरी
रोज एक देश कापून न्यायचं.
मी सगळ्यांची दप्तरं तपासली.
त्याचं नाही."

औषधाचं नाव केवे ठेवलं.
यंत्र पुन्हा चालू करून एफ आठ दाबत बसलो.
काळा पडदा, चारी कोपऱ्यांत सेफ मोड,
चिन्हं भलीमोठी, पहिलीच्या पुस्तकासारखी.
केवे आत गेला.
कुणी हटकलं नाही.

बेचाळीस मिनिटं तो एकेक कप्पा उघडत होता.
आम्ही प्लम खाल्ले, बिया बशीत मोजल्या.
बाहेरून ट्राम गेली.
"पुढे काय झालं त्याचं?"
"एकदा पोस्टकार्ड आलं होतं," बाई म्हणाल्या,
"कापलेल्यांपैकीच एका देशातून."

सापडलं ते एवढंच:
तात्पुरत्या फायलींच्या अडगळीत एक इवलीशी फाईल,
रजिस्ट्रीत तिची दोन मुळं,
आणि सुरुवातीच्या यादीत, सगळ्यांच्या आधी, तिचं नाव.
अडतीसांतला एकही नाही.
यंत्रात एकच जण शिरला होता,
हजेरी घेणारा.

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं.
पैशांचं बघू, म्हणाले.
मग मी खरा अँटिव्हायरस घातला,
आणि पहिल्याच मिनिटाला कोपऱ्यातून खिडकी आली:
ढाल. पिवळा त्रिकोण.
आपला कॉम्प्युटर सुरक्षित नाही. अपडेट करा.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.
"हा खरा आहे," मी म्हणालो.
"कशावरून?"
"खोटा असतो तो ओरडतो."
"आमचे मुख्याध्यापक ओरडायचे.
ते खरेच होते."

मला उत्तर आलं नाही.
मी वायर गुंडाळत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

बाईंनी अडतीस नावांखाली लाल रेघ ओढली,
तारीख घातली,
पान उलटून पहिल्या ओळीत
नव्याचं नाव लिहिलं, पुढचा रकाना कोरा.
"पंधरा दिवस बघते," म्हणाल्या,
"मग ठरवू,
हजर लावायचं की नाही."